सापनपासून डुमसपर्यंत: एका हलक्या गाडीची तयारी

सापन नदी आमच्या शिवारातून जाते. अचलपूर तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको, की वर्षातले सात-आठ महिने ती नदी कमी आणि रेतीचा रस्ता जास्त असते. तिचं पाणी शेवटी पूर्णेत जातं, पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे समुद्राला. झेडपीच्या शाळेत अठरा वर्षं हे मी नकाशावर बोट फिरवून शिकवतो आहे. बोट फिरतं तिथून एकदा मोटारसायकल फिरवावी, एवढंच डोक्यात होतं. मुलताईला उगम, डुमसला समुद्र, मधे ७२४ किलोमीटरची नदी आणि तिच्या काठाने जमतील तेवढे कच्चे रस्ते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ते झालं. प्रवास दहा दिवसांचा आणि तयारी नऊ महिन्यांची. व्हिडिओ भरपूर पाहिले, पण त्यातले लोक गाडीच्या निम्म्या किमतीच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या मागवतात. परतवाड्यात बसून, मास्तरच्या पगारात हे कसं करायचं ते कुठे सापडलं नाही. म्हणून हे लिहून ठेवतो.

गाडी घेतली १२ फेब्रुवारी २०२३ ला. हिरो एक्सपल्स २०० फोर-व्ही, २०२२ चं मॉडेल, ९,४०० किलोमीटर चाललेली, १,१२,००० रुपयांना. हीच का, तर वजन १५८ किलो. चिखलात आडवी झाली तर एकट्याला उभी करता येते. पोटाखाली २२० मिलिमीटर जागा, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, दोन्ही आऱ्यांची. टाकी १३ लिटरची. ताकद १९ पीएस. हायवेवर ट्रकला मागे टाकताना ती कमी वाटते, पण मला ट्रकशी शर्यत लावायची नव्हती. मूळ गाडी कच्च्या रस्त्यासाठी बनलेली आहे, उभं राहून चालवायला. म्हणून सीट अरुंद, हँडल माझ्या उंचीला खाली आणि सामानाला जागा जवळजवळ नाहीच. तिच्यावर दहा दिवसांचा संसार बसवायचा होता.

आधी कागद. विकणाऱ्याचं कर्ज शेवटच्या दोन हप्त्यांवर होतं. त्यानं ते भरलं, पण बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) यायला साडेतीन आठवडे गेले. तिच्यावर ९० दिवसांची मुदत छापलेली असते, हे घेतल्या घेतल्या बघा. मग फॉर्म २९ दोन प्रतीत, फॉर्म ३०, कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म ३५ दोन प्रतीत, विमा, पीयूसी, दोघांचे आधार आणि चेसी नंबरचा पेन्सिल-छाप. हँडलच्या मानेवर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची. लहानपणी नाण्यावर करायचो तेच. ऑनलाइन अर्ज १० मार्चला भरला आणि १४ मार्चपासून जुन्या पेन्शनसाठी राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. आपलं काम अडलं म्हणून चिडावं, तर त्या संपात मी स्वतः घोषणा देत बसलेलो. २० तारखेला संप मिटला. त्यानंतर अर्ज एकदा परत आला, चूक माझीच: फॉर्म २९ वर विकणाऱ्याची सही एका प्रतीवर मराठीत आणि दुसऱ्यावर इंग्रजीत. दोन्ही प्रती समोर बसवून, आधीच्या सहीशी ताडून घ्या. नंतर तो माणूस फोन उचलेलच असं नाही. आरसी पोस्टानं १९ एप्रिलला हातात आली. फी काही शेकड्यांतच गेली, पण विमा नावावर करताना मला एक धक्का बसला. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) हा मालकाचा असतो, गाडीचा नसतो. आधीच्या मालकाला मिळालेली सूट मला भरून द्यावी लागली. सौदा करताना हे लक्षात असतं तर किमतीत घासाघीस करता आली असती.

बदलांच्या बाबतीत मी सुरुवातीलाच एक मर्यादा घालून घेतली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. म्हणून सायलेन्सर, इंजिन, रंग, चेसी यांना हात नाही. चेसीवर वेल्डिंगचा एक टाकासुद्धा नाही. जे लावायचं ते गाडीला आधीच असलेल्या बोल्टच्या भोकांवर, आणि पाना घेऊन अर्ध्या तासात उतरवता आलं पाहिजे. ही मर्यादा कायद्याच्या धाकानं घातली होती, पण पुढे तिनंच माझी गाडी वाचवली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कामाला लागलो. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे वेळ होता. नव्हती ती सावली. मे महिन्यात दुपारी बारानंतर पाना हातात धरवत नाही. सकाळी साडेपाच ते नऊ एवढंच काम.

हँडल उंच करायला लेथवाल्याकडून ३० मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे करून घेतले, लांब बोल्टसकट ७०० रुपये. लावल्यावर लगेच पळू नका. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लचची केबल आणि ब्रेकचा पाईप ताणला जातो का बघा. माझी क्लचची केबल डावीकडे इतकी ओढली जात होती की इंजिन चालू असताना वळवलं की गाडी आपोआप क्लच दाबल्यासारखी वागायची. केबल टाकीच्या आतल्या बाजूनं फिरवून घेतल्यावर सुटली. सीट फोडून फोम भरायचा विचार सोडला आणि ट्रकवाले टाकतात ते लाकडी मण्यांचं कव्हर ३५० रुपयांना आणून मापात कापून बांधलं. मण्यांखालून हवा खेळते. दिसायला ते विचित्रच आहे. शाळेतली पोरं त्याला 'सरची माळ' म्हणतात.

मागच्या शॉकअपचं माप मात्र कुणी चुकवू नये. भावानं गाडी साइड स्टँडवर तिरपी करून मागचं चाक उचललं. मी ॲक्सलपासून (चाकाच्या आसापासून) सरळ वर मडगार्डवर खडूची खूण केली आणि मिस्त्रीच्या टेपनं अंतर घेतलं. मग सगळं सामान बांधून, हेल्मेट-बूट घालून मी बसलो आणि बायकोनं तेच अंतर परत मोजलं. या गाडीचं मागचं चाक १७० मिलिमीटर वर-खाली होतं; त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे ५५ च्या आसपास, गाडी बसली तर ठीक. माझी ७८ बसत होती. म्हणजे खड्डा यायच्या आधीच अर्धा शॉकअप संपलेला. स्प्रिंग खाचाखाचानं घट्ट करून ६१ वर आणलं. त्याहून खाली येईना, तेव्हा बायको टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "स्प्रिंग नका आवळू, सामान काढा." ऐकलं नाही.

कॅरिअर गावातल्या वेल्डिंगवाल्या काकांकडून. त्यांचा मुख्य धंदा वखर, डवरे, तिफणीची दुरुस्ती. जूनमध्ये गेलो तर दुकानासमोर तिफणींची रांग. पेरणीच्या तोंडावर मोटारसायकलच्या हौशीला कोण विचारतो? तीन आठवडे थांबलो. यात त्यांचं काही चुकलं नाही. तुम्हाला गावातच करून घ्यायचं असेल तर एप्रिलमध्ये जा. शेवटी पाऊण इंची पाईपचे दोन बाजूंचे दांडे, वर सपाट जाळी, २,६०० रुपये. पिशव्या ताडपत्री शिवणाऱ्याकडून, दोन्ही मिळून २,२००. आत खताच्या पोत्यांचं प्लास्टिकचं अस्तर धुऊन घातलं. बाजारातल्या वॉटरप्रूफ थैल्यांपेक्षा ते कमी नाही, फक्त वास पूर्ण जायला चार धुण्या लागतात.

मग मी तीच चूक केली जी सगळेच करतात. जागा झाली म्हणून भरली. तंबू, दोन माणसांना पुरेल असा स्टोव्ह, पाच लिटरचा पेट्रोल कॅन (१,४०० रुपये, आजवर एक थेंब भरलेला नाही), तीन जीन्स, खुर्ची. हो, घडीची खुर्ची.

३० जुलै, रविवार. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल आणि परत, असा बेत. पाऊस रिमझिम, मेळघाट हिरवागार, सिपना नदी दुथडी. मी मुख्य रस्ता सोडला नाही. व्याघ्र प्रकल्पात वाटेल त्या पायवाटेला गाडी घालायची नसते, आणि खरं तर गरजही नाही, कारण त्या दिवशी मुख्य रस्त्यावरच खड्ड्यांची कमी नव्हती. सेमाडोहच्या पुढे मागून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. चेन असेल म्हणून दुर्लक्ष केलं. हरिसालला चहाला थांबलो तेव्हा डावी पिशवी उजवीपेक्षा चार बोटं खाली लोंबत होती. उजवीकडे ताडपत्री सायलेन्सरला टेकून तळहाताएवढी वितळली होती, जळक्या प्लास्टिकचा वास मी इतका वेळ जंगलाचा समजत होतो.

डाव्या दांड्याला भेग गेली होती. वेल्डिंगमध्ये नाही, त्याच्या अगदी कडेला. टाका शाबूत, जाड आणि चकचकीत. आणि त्याला लागून पाईपावर केसाएवढी काळी रेघ, पाऊण गोल फिरलेली. नखानं दाबलं की उघडायची, सोडलं की मिटायची. पाण्याचा थेंब त्यात ओढला जाताना दिसला. दोरीनं बांधून, खुर्ची चहावाल्याला देऊन, तीसच्या वेगानं घरी आलो. अंधार पडला होता, घाबरलोही होतो. नोव्हेंबरचा विषय घरी चार दिवस काढला नाही.

काकांनी दांडा हातात घेऊन उलटा-पालटा केला आणि मला विचारलं, "सर, भारा बैलाच्या पाठीवर टाकतेत का शेपटीले बांधतेत?"

सगळा भार मी मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगला होता. खड्ड्यात चाक आपटलं की तो भार तरफेसारखा दांड्याला खाली खेचतो, दर खड्ड्याला एकदा. वेल्डिंगच्या उष्णतेनं टाक्याच्या कडेची जागा कमजोर होते आणि सगळा ताण नेमका तिथे जमतो. मी म्हणालो, मग पाईप जाड घेऊ, टाका दुप्पट मारू. त्यावर त्यांनी डवऱ्याचा एक मोडका जोड आणून दाखवला. "हे पाहा, जाड केलं की बाजूचं तुटते. गाडीले कमर असते ना सर, तिले हालू द्या. आवळून कायले ठेवता?"

त्यांनी काय केलं ते नीट सांगतो, कारण पूर्ण तयारीतलं सगळ्यात कामाचं ज्ञान तेच. दांडे चार बोटं पुढे सरकवले, म्हणजे पिशव्यांचा मध्य ॲक्सलच्या पुढे, मागे बसणाऱ्याच्या मांडीजवळ आला. कोपऱ्यात गोल टाका मारण्याऐवजी तिकोनी पट्टी बसवली आणि तिला लांबीच्या बाजूंनीच टाके दिले. डाव्या-उजव्या दांड्याला नंबरप्लेटच्या मागून जोडणारी एक आडवी पट्टी टाकली. ती नसेल तर दोन्ही पिशव्या आपापल्या तालावर झुलतात. चेसीच्या प्रत्येक बोल्टवर जुन्या ट्यूबच्या रबराचे बुश आणि हादऱ्यानं ढिले न होणारे नायलॉक नट. सायलेन्सरच्या बाजूला दोन बोटं अंतर सोडून ॲल्युमिनियमचा पत्रा. नऊशे रुपये घेतले. चेसीवर वेल्डिंग केलं असतं तर त्या दिवशी भेग दांड्याला गेली असती की चेसीला, हा विचार मी अजून करतो.

मग सामान. गावातल्या कापसाच्या व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन्ही पिशव्या ठेवल्या: ३१ किलो. जिनिंगला जायचा कापूस बाजूला सारून चार माणसं बघायला जमली. तिथेच पिशव्या उघडल्या आणि एकेक वस्तूवर पंचनामा झाला. तंबू गेला, कारण वाटेत धर्मशाळा आणि लॉज भरपूर. स्टोव्ह गेला. कॅन गेला, लादलेली गाडी लिटरला ३८-३९ देत होती, म्हणजे १३ लिटरमध्ये ४५० किलोमीटरपर्यंतची सोय कंपनीनं आधीच करून ठेवलेली. जीन्स तीनाची एक आणि दोन ट्रॅकपँट. दोन तासांनी काटा १५.४ किलोवर थांबला. घरी येऊन शॉकअप परत मोजला, स्प्रिंग तशीच ठेवून: ५४. बायकोनं आकडा मोठ्यानं वाचला आणि आत गेली.

पुढचं चेन-स्पॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) १३ दातांचं काढून १४ चं टाकून पाहिलं, ४५० रुपये. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे साधारण सात टक्क्यांनी कमी होतात, हायवेवर कानाला बरं वाटतं. पण चिखलदऱ्याच्या घाटात सामानासकट पहिला गिअर जड जाऊ लागला, वळणावर क्लच खेळवत बसावं लागायचं. परत १३. ज्याचा अर्धा रस्ता कच्चा आहे त्यानं या फंदात पडू नये, असं माझं मत झालं.

सगळ्यात जास्त भीती पंक्चरची होती. आऱ्यांची चाकं म्हणजे ट्यूब, आणि आपला भाग म्हणजे बाभळीचा काटा. ऑगस्टभर दर रविवारी अंगणात मागचं चाक काढून टायर खोलायचा सराव केला. पहिल्यांदा १ तास ५० मिनिटं लागली आणि बसवताना लिव्हरनं नवी ट्यूब चावली. युक्ती अशी, की तुम्ही लिव्हर लावता त्याच्या बरोबर समोरची टायरची कड गुडघ्यानं रिमच्या मधल्या खोल गाळ्यात दाबून धरायची. तेवढी ढिलाई मिळाली की कड हातानं उतरते. ती समोर वर चढलेली असेल तर पहिलवानालाही उतरणार नाही. साबणाचं पाणी सोबत ठेवा. आणि काटा काढला असं वाटलं तरी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. बोटाला न जाणवणारं टोक कापसाचा धागा लगेच धरतं. ट्यूब दोन्ही मापांची घेतली; एकच न्यायची असेल तर २१ ची न्यावी, अडीअडचणीला ती १८ च्या चाकात घालता येते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, १५ सप्टेंबरला, परत हरिसाल. पोरांचे लाकडी बैल गल्लीत आणि मी गाडीवर. येताना मुद्दाम काळ्या मातीच्या पांदणीतून आणली. पुढचं मडगार्ड उंच असल्यानं चाक मोकळं राहिलं, पण मागे चेनजवळ चिखलाचा लाडू बसतो. तो काढायला वीतभर लाकडी पट्टी कॅरिअरला बांधून ठेवली आहे. भेग नाही, आवाज नाही. खुर्ची चहावाल्याकडेच होती, तिच्यावर बसून चहा घेतला.

भाऊबीज १५ नोव्हेंबरला झाली, १६ ला पहाटे निघालो. बैतूलवरून मुलताई, तापीच्या कुंडावर एक रात्र. मग धारणी, बऱ्हाणपूर, चांगदेवचा संगम, पुढे प्रकाशा, उकाई, काकरापार, सुरत. रस्त्याचं वर्णन वेगळं लिहीन. गाडीचं सांगायचं तर प्रकाशाच्या अलीकडे उसाच्या शेताकडेला मागचं चाक बसलं. बाभूळच. ३८ मिनिटं लागली, त्यातली दहा बैलगाडीवाल्या आजोबांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात गेली. कापसाचा बोळा फिरवला तेव्हा दुसरा काटा सापडला. रोज सकाळी चेनला नव्वद नंबर ऑइल, कॅरिअरच्या सहा नटांना पाना, आऱ्यांवर पान्यानं टिचकी. बद्द वाजला तो आरा ढिला. दोन सापडले.

डुमसला वाळू काळी आहे. ओहोटीला ती ओली असताना आमच्या वावरासारखीच दिसते. गाडी खाली नेली नाही. खाऱ्या पाण्यात चेन घालण्याइतका वेडा अजून झालेलो नाही.

२५ तारखेला घरी. एकूण १,६४० किलोमीटर, ४२ लिटर पेट्रोल. गाडी आणि कागद सोडून तयारीचा खर्च, इथे लिहिलेला आणि न लिहिलेला (हँडगार्ड, मागचा टायर, हत्यारं, धुक्याचे दिवे), १९,८०० रुपये. त्यात कॅन आणि १४ दातांचं स्पॉकेट धरून १,८५० पाण्यात. दोन दिवसांनी अवकाळी आला आणि सगळं गाव ओल्या कापसात गुंतलं.

परवा काकांनी कॅरिअर उतरवून नेलं. भेग पाहायला असेल असं वाटलं. तर त्यांनी दुकानाच्या फरशीवर खडूनं त्याचा आकार काढून घेतला होता, तिकोनी पट्टीसकट. शेजारच्या गावच्या दूधवाल्याला तसंच पाहिजे, फक्त जरा रुंद, चाळीस लिटरच्या दोन कॅनच्या मापाचं. "त्याले सांगतलं मी," काका म्हणाले, "सरचं सुरतेले जाऊन आलं."